नऊ नक्षत्रांची बेगमी

अशी जवळ ये बघू, विमल. सुनेला म्हणावं, तो टीव्ही जरा बारीक कर आणि हे पत्र वाचून दाखव. सूनबाई, तुलाही सांगून ठेवते, मधलं काही गाळायचं नाही. तुझ्या सासूला वाचता येत नसलं तरी गाळलेलं बरोबर कळतं. तर विमल, आधी रागावून घेते. फोन केला की तू तीनच शब्द बोलतेस. बरं आहे. जेवले. ठेवते. अडतीस वर्षं एका चुलीपाशी बसलो आपण दोघी जावा, तुझं तोंड मिटलेलं मी झोपेत सोडून कधी बघितलं नाही. आणि आता चिंचवडच्या त्या सातव्या मजल्यावर तुला बोलायचं कुणी रेशन लावून दिलं की काय?

माझं विचारशील तर माझं बरं आहे. घर मोठं आहे, एवढीच तक्रार. सकाळी दूधवाल्याशी बोलते, मग दिवसभर कुणाशी बोलले नाही हे संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना कळतं, कारण आवाज बसलेला असतो. संजय वाकडहून रोज फोन करतो. त्याचं एकच म्हणणं, आई, मृग लागायच्या आत घराला कुलूप लाव आणि पावसाळाभर इकडं ये. मी म्हटलंय सांगते. ते सांगायचं अजून राहिलंय.

आता बातमी ऐक. आपल्या कुसगावात ते मोठं दुकान उघडलं. स्वस्तातलं. आपणच आत फिरायचं, ढकलगाडीत आपल्या हातानं सामान टाकायचं आणि दारात हिशोब करून बाहेर पडायचं. रोहिणी लागल्या त्याच आठवड्यात उघडलं. पहिल्या दिवशी फुगे काय, झेंडूच्या माळा काय, सगळं गाव नुसतं बघायला जाऊन आलं. मी नाही गेले. गर्दीत मला कुणी ढकललेलं चालत नाही, तुला माहीत आहे. मंगळवारी दुपारी गेले. लोणावळ्याला फिरायला येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या तेव्हा रस्त्यावर नसतात.

रोहिणीची दुपार तुला आठवत असेल, नाही का? सातव्या मजल्यावर ऊन येत असेल, पण ते नुसतं ऊन. इथल्या रोहिणीच्या उन्हाला वास असतो. तापलेल्या दगडाचा, वाळत घातलेल्या मिरचीचा, कुठंतरी सांडून पिचलेल्या जांभळांचा. वलवणच्या धरणाचं पाणी आत गेलेलं, काठाच्या चिखलाला भेगा. डोंगर करपून तपकिरी झालेले. माझ्या मनात रोहिणी हा कधी स्वतंत्र ऋतूच नव्हता. तो म्हणजे पुढच्या चार महिन्यांची नुसती धावपळ. माळ्यावर लाकडं चढवा, शेणी गोठ्यात रचा, कणगी सारवून घ्या, मीठ रांजणात भरा. आगपेट्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तांदळात पुरून ठेवायचो, बाहेर ठेवल्या तर काडी ओढली की गूळ तुटावा तशी तुटायची. घाटाखालून बायका सुकट घेऊन यायच्या, त्यांच्याशी तू असा भाव करायचीस की शेवटी त्याच म्हणायच्या, बाई, तूच इकायला बस.

कारण एकदा पाऊस बसला की बसला. लोणावळ्याचा बाजार काय लांब होता? पण आसळकाच्या, म्हणजे आश्लेषाच्या पावसात तो मुंबईइतका लांब व्हायचा. धुकं दारातून आत यायचं आणि चुलीच्या धुरात मिसळायचं, मग कुठलं धुकं आणि कुठला धूर ते फक्त डोळ्यांना कळायचं. लुगडी चुलीवरच्या दोरीला वाळायची. लग्नाला गेलो तरी आपल्या अंगाला धुराचा वास, आणि शेजारच्या बाईच्याही अंगाला तोच, म्हणून कुणाला काही वाटायचं नाही.

आणि ते नऊ ढीग. ते मात्र आपल्याच घरात. माझ्या माहेरी नव्हते, तुझ्याही नव्हते. आत्याबाई, म्हणजे सूनबाई, आमच्या सासूबाई, रोहिणीतल्या एका दुपारी जेवणं झाली की वारा नको म्हणून दारं लावून घ्यायच्या, सारवलेल्या जमिनीवर पाय लांब करून बसायच्या आणि आपल्याला मापटं हातात देऊन मसुरीचे नऊ ढीग घालायला लावायच्या. मृगापासून हस्तापर्यंत पावसाची नऊ नक्षत्रं, एकेकाचा एकेक ढीग. आकडा नाही, किलो नाही. नुसतं बघून सांगायच्या. मृगाचा ढीग लहान चालेल, तेव्हा रानात टाकळा, कुरडूची भाजी उगवते. पुनर्वसूच्या तरण्या पावसात लावणीची माणसं जेवायला, तिथं दोन मुठी वाढव. पुष्याच्या म्हाताऱ्यात सगळी घरात कोंडलेली, आणि कोंडलेलं माणूस जास्त खातं, तिथं अजून दोन. मघाला थोडं काढ, पोरं आळंबी आणतात. हस्ताचा मोठा ठेवा, माहेरवाशिणी येतील. बारा माणसांचं घर त्या डोळ्यांनी मोजायच्या आणि हस्त सरताना डब्यात चार दाणे उरलेले असायचे. कमी कधी पडलं नाही.

तू लग्न होऊन आलीस ते पहिलं वर्ष. मी ढीग घालून पाणी प्यायला आत गेले, आत्याबाईंचा डोळा लागलेला. तू बिचारी नवी नवरी. कामाला लागावं म्हणून केरसुणी घेतलीस आणि नऊच्या नऊ ढीग गोळा करून सुपात भरून ठेवलेस. मी बाहेर येते तर स्वच्छ जमीन, आणि तू कौतुकाची वाट बघत उभी. आत्याबाई उठल्या. त्यांनी जमिनीकडं बघितलं, सुपाकडं बघितलं. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हटलं मीच सांगितलं तिला भरायला. तू गप्प बसली असतीस तर भागलं असतं. पण तू म्हणालीस, “पाऊस तर एकच पडतो ना आक्का, मग ढीग नऊ कशाला?”

आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग आपल्या दोघींना परत पहिल्यापासून बसवलं. पुढं तूच त्यात तरबेज झालीस. मघाचा पाऊस सासवांचा आणि पूर्वाचा सुनांचा, म्हणून सासवांच्या ढिगातली मूठ हळूच सुनांच्या ढिगात टाकायचीस. आत्याबाई बघायच्या आणि न बघितल्यासारखं करायच्या.

तर मी दुकानात गेले. दार आपोआप उघडतं, आत गार. दारातल्या माणसानं माझी पिशवी काढून घेतली आणि बिल्ला दिला. सामान आणायला जायचं आणि पिशवी बाहेर ठेवायची, असा उलटा कारभार. आत ओळीच्या ओळी, उंच. तांदळापाशी गेले. इंद्रायणी आहे. पाकिटावर शेताचं चित्र आहे, शेताच्या बांधावर नारळाची झाडं. आपल्या मावळात भाताच्या बांधावर नारळ कुणी बघितलाय? चार दाणे दाताखाली धरून जुना का नवा ते बघावं म्हटलं, तर पाकीट चारही बाजूंनी बंद. दात लावायचा कशावर?

बाकी सगळं छान, नावं ठेवत नाही. स्वच्छ आहे, स्वस्तही आहे. फक्त शांत आहे गं. माणसं फिरतात पण फोनमध्ये बघून सामान घेतात, कुणी कुणाला काही विचारत नाही. आपल्या जुन्या शेठच्या दुकानात अर्धा शेर डाळीला अर्धा तास लागायचा. मोठ्या काकी, यंदा पोहे कमी, कुणी गावाला जाणार का? धाकट्या काकी, दाढ दुखायची थांबली का? आणि त्याच्या त्या छापील कागदाच्या पुड्या. मी चौथीतून शाळा सोडलेली, मला वाचायची गोडी लागली ती शेठच्या पुड्यांमुळं. हिंग संपला की कागद माझा. चुलीच्या उजेडात मी तुला वाचून दाखवायचे. गोष्ट नेमकी ऐन वेळी फाटलेली असायची. सून दार उघडून बघते तो काय, आणि तिथं कागद संपला. पुढचं तू सांगायचीस. दर वेळी ती सून घर सोडून जायची आणि सुखी व्हायची. या दुकानातल्या प्रत्येक पाकिटावर अक्षरं आहेत, डोळे दुखतील एवढी, पण सगळ्या पाकिटांवर तेच तेच. वाचून उपयोग नाही.

डाळीपाशी उभी राहिले. समोर अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या. माझा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवर फिरायला लागला. मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा. एकेक पेर, एकेक पिशवी. नऊ पिशव्या गाडीत. मग तोच हिशोब चवळीला, पोह्यांना, शेंगदाण्याला. कुणी बोलायला नसलं की हात आपलं आपण काम करत सुटतो बघ. मीठ, आगपेट्या, मेणबत्त्या, कपडे धुवायची वडी. गाडी इतकी जड झाली की वळेना. आणि मला किती दिवसांनी बरं वाटत होतं म्हणून सांगू. घाम फुटला होता त्या गारव्यात. अंगात रोहिणी आल्या होत्या.

हिशोबाला एक मुलगी बसली होती, चुणचुणीत. मी आधी तिला विचारून घेतलं, तू कुणाची. वलवणची निघाली. तिची आजी घरीच असते म्हणाली, गुडघ्यांनी बसवलीय. माझ्या मागं अर्ध्या चड्डीतला एक पाहुणा थंड बाटल्यांचा खोका घेऊन उभा होता, त्यानं एक सुस्कारा सोडला. सोडू दे. ती मुलगी एकेक पाकीट त्या काचेवर धरत होती, टिक टिक आवाज येत होता. डाळीच्या सहाव्या पिशवीला थांबली.

“आजी, हॉटेल आहे का तुमचं?”

“न्हाई गं. घरचंच हाय.”

“मग लग्न असेल कुणाचं तरी.”

“न्हाई.”

“किती माणसं आहेत घरात?”

“दोघी,” मी म्हणाले.

म्हणाले, आणि माझं मलाच ऐकू आलं. विमल, मी खोटं बोलत नव्हते. त्या क्षणी खरंच दोघी होत्या. तोवर ती मुलगी पुढं गेली होती, तिच्या हातात गूळ होता. चार ढेपा, किलोकिलोच्या. मला साखरेचा आजार होऊन किती वर्षं झाली? मी चहा बिनसाखरेचा पिते. आपल्या घरात गुळाचा चहा पिणारं माणूस एकच, आणि ते सातव्या मजल्यावर. मी त्या गुळाकडं बघत राहिले. मुलगी शहाणी होती, तिला काय दिसलं माझ्या तोंडावर कुणास ठाऊक. हळू आवाजात म्हणाली, “आजी, काही काढू का यातलं? चालतं आमच्याकडे.” मी म्हटलं राहू दे. सगळं राहू दे.

रिक्षावाल्यानं पिशव्या ओट्यावर आणून ठेवल्या. विचारत होता, मावशी, दुकान टाकताय का. त्याला चहा दिला आणि दार लावून घेतलं. मग त्या फरशीवर, जिथं पूर्वी सारवण होतं तिथंच, सगळं मांडलं. नऊ ओळी केल्या. आता एकटीचं किती ते ठरवून बाकीचं परत करावं, असं खरंच मनात होतं. बसले. मृगाची पिशवी फोडली, ताटात ओतली, अर्धी बाजूला केली. ती अर्धी जास्त वाटली. पाव केली. ती इतकी केविलवाणी दिसली की परत मिसळून टाकली.

बारा माणसांचं माप आत्याबाईंनी शिकवलं. त्या गेल्या, नणंदा सासरी गेल्या, तेव्हा आपण नऊ माणसांचं केलं. पोरं शिकायला गेली तेव्हा पाचाचं. आधी भाऊजी गेले, मागोमाग आमचे हे. मग दोघींचं माप आपण दोघींनीच काढलं, आणि पहिल्या वर्षी किती चुकलो. रोज भात उरायचा, रोज फोडणीचा भात खायचो, कुत्रीसुद्धा कंटाळली होती. तू म्हणायचीस, आक्का, मेलेली माणसं जेवून जात न्हाईत, तू त्यांचं घालतीस. मी चिडायचे. पण तुझं खरं होतं. तरीही शिकलो गं आपण. दुसऱ्या वर्षी अर्धा किलो डाळ बरोबर एका नक्षत्राला पुरायला लागली. ते चार पावसाळे आपले बरे गेले. मला तर वाटतं सगळ्यांत बरे गेले. कुणाचं ताट वाढायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. तू सुपारी कातरायचीस, मी वाचायचे. बाहेर कोसळायचं आणि तू झोपाळ्यावर बसून पावसाला शिव्या द्यायचीस.

एकटीचं माप मला येत नाही. सत्तरीला आले, आता कुणी शिकवेल असंही नाही.

आणि हे एवढं लिहिलं तर आता ते दुसरंही लिहिते. सूनबाई, हे सावकाश वाच.

गेल्या वर्षी म्हाताऱ्या पावसात तू अंगणात पडलीस. शेवाळावरून. लाकडं आणायला तुला मी धाडलं होतं. माझ्या हातात कागद होता, अर्धं पान उरलं होतं, म्हणून मी म्हटलं, जा गं, दोन लाकडं आण. अर्धं पान. मी ते अजून वाचलेलं नाही. खुब्याचं हाड मोडलं, दवाखाना झाला, आणि दीपक तुला घ्यायला आला. तू गाडीत बसताना तीनदा हाक मारलीस, आक्का, निघते. मी आत मोरीत घासलेलं पातेलं परत घासत होते. आतूनच म्हणाले, जा. बाहेर आले नाही. तुला वाटलं असेल, आक्का रागावली. मी रागावले होते, पण तुझ्यावर नाही. बाहेर आले असते तर गाडीचं दार धरून बसले असते, आणि ते तुझ्या लेकासमोर मला करायचं नव्हतं.

ते एक वेळ सोड. दिवाळीत तू फोनवर विचारलंस, “आक्का, येऊ का गं तिकडं?” आणि मी काय बोलले? “हितं कशाला येतीस पडायला, तितं लिफ्ट हाय.” मग म्हणालीस, “व्हय, लिफ्ट हाय.” त्या दिवसापासून तुझे तीन शब्द झाले. मला कळत नाही असं समजू नकोस. मी तुझ्या भल्यासाठी बोलले, असं मी माझं समाधान करून घेतलं. पण ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं की मला भीती वाटली. परत पडलीस तर या वेळीही मीच धाडलेली असणार, असं वाटलं. अडतीस वर्षं मी तुला हे कर, ते कर, असं सांगत आले. तू हवी आहेस, हे कधी सांगावं लागलं नाही. त्यामुळं ते सांगायचं कसं, तेच येत नव्हतं.

संध्याकाळी संजयचा फोन आला. दुकानाचं सांगितलं तर खूश झाला, म्हणाला, आता तर सगळं दारात मिळतंय, एवढं भरून कशाला ठेवलंस? मग नेहमीचं, कुलूप कधी लावतेस. मी म्हटलं, कुलूप नाही लावणार. तो म्हणाला, एकटी राहणार आहेस का चार महिने? मी म्हटलं, ते अजून ठरायचंय, एकीला विचारायचंय. त्यानं ओळखलं. मग म्हणाला, “काकूला अंगणातून चालता येईल का पण?”

मुद्द्याचं बोलला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मिस्त्रीला बोलावलं. अंगणातली ती गुळगुळीत फरशी उखडून खरखरीत बसवून घेतली, फाटकापासून ओट्यापर्यंत. लाकडं आता ओट्यावरच रचलीत, आणायला कुणी कुठं जायचं नाही. आणि ओट्याच्या पायऱ्यांना आणि मोरीत लोखंडी दांडा लावला. मिस्त्रीनं विचारलं, मावशी, किती उंचीवर लावू? मी उंच, तू माझ्या खांद्याला लागतेस. मी डोळे मिटले आणि तू शेजारी उभी आहेस असं समजून हात धरला. म्हटलं, इथं. त्यानं तिथं लावला. मला तो धरायला वाकावं लागतं, मिस्त्री म्हणत होता चुकलं, वर घेऊ का. म्हटलं अजिबात हात लावू नकोस.

सिमेंट वाळलंय. मी दोनदा ओढून बघितला, हलत नाही. पण तो तुझ्या हाताला बरोबर येतो का, ते तू आल्याशिवाय मला कळायचं नाही.

तर आता मी विचारते. येतेस का, विमल? राहायलाच ये असा हट्ट नाही. चार दिवस ये, नाही जमलं तर दीपक येऊन घेऊन जाईल, आणि मी या वेळी फाटकापर्यंत येईन. डॉक्टरला विचार, सुनेला विचार, पण माझं ऐकून मग विचार. शनिवार-रविवार नको, मळवलीपासूनच गाड्यांची रांग लागते आणि तुझा पाय आखडेल. मंगळवारी नाहीतर बुधवारी ये. मृग लागायला थोडेच दिवस आहेत. त्याच्या आत, अंगण कोरडं आहे तोवर, लवकर ये.